माहितीचे कालमूल्य

माहितीची उपयुक्तता ती किती अचूक आहे यावर जशी अवलंबून असते, तशीच ती केव्हा हाती येते यावरही असते. ज्या निर्णयासाठी माहिती हवी, त्याची वेळ टळली की मजकूर तोच राहूनही तिचे व्यवहारातील मूल्य बहुधा नाहीसे होते.

बाजारभाव हे याचे ठळक उदाहरण होय. पाउल यूलिउस रॉयटर यांनी १८५० मध्ये जर्मनीतील आखेन व बेल्जियममधील ब्रूसेल्स यांदरम्यान शेअरबाजाराचे भाव कबुतरांकरवी पाठविण्यास प्रारंभ केला. त्या टप्प्यात तारायंत्र नव्हते व कबुतरे आगगाडीच्या काही तास आधी पोहोचत. ग्राहक मोल देत ते या काही तासांचे. पुढे तारमार्ग जोडला जाताच कबुतरेही निरुपयोगी ठरली.

युद्धात विलंबाची किंमत मनुष्यहानीने मोजावी लागते. ब्रिटन व अमेरिका यांच्यात २४ डिसेंबर १८१४ रोजी गेंट येथे तह झाला. परंतु जहाजाने जाणारी ही वार्ता पोहोचण्यापूर्वीच ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लीन्सची लढाई झाली. तीत सु. दोन हजार ब्रिटिश सैनिक ठार, जखमी वा बंदी झाले.

अचूकता आणि तत्परता यांतील विरोध आपत्तीच्या वेळी विशेष जाणवतो. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ झालेल्या भूकंपाची महत्ता हवाई बेटांवरील पॅसिफिक त्सुनामी इशारा केंद्राने पंधरा मिनिटांत ८·० अशी वर्तविली, तासाभराने ती ८·५ केली. नंतरच्या विश्लेषणात ती ९·१ ठरली. तमिळनाडूचा किनारा लाटांनी गाठला तो भूकंपानंतर दोन तासांहून अधिक काळाने. पहिला ढोबळ अंदाजही सावधगिरीस पुरेसा होता. पण हिंदी महासागरासाठी इशारायंत्रणाच नसल्याने तो किनाऱ्यावरील लोकांपर्यंत गेला नाही. ९·१ हा बिनचूक आकडा मृतांच्या उपयोगी पडणारा नव्हता. २००७ मध्ये हैदराबाद येथे सुरू झालेले भारतीय केंद्र म्हणूनच प्रथम स्थूल सूचना देते व नवी निरीक्षणे येतील तशी ती सुधारते. वारंवार फसलेल्या इशाऱ्यांनी लोकांचा विश्वास ढळतो, हा या घाईतील धोका होय.

माहितीचे मूल्य मात्र नेहमीच कायमचे संपते असे नाही. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची उंची नोंदली जात आहे. एकेका नोंदीचा नावाड्यांना असणारा उपयोग काही तासांचाच. परंतु त्या जुन्या नोंदी आता समुद्रपातळीतील दीर्घकालीन वाढ मोजण्यास आधारभूत ठरल्या आहेत.