लीड गिटार शिकायचीय? चिंचोळीच्या हातांना निम्मं काम आधीच येतं!

सोलापूर–पुणे महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीत लेथ, वाइंडिंग आणि मोजमापात दिवस घालवणाऱ्यांना इलेक्ट्रिक गिटार परकी वाटायचं काही कारण नाही. हे वाद्य घडलंच मुळी वर्कशॉपमध्ये. ते घडवणाऱ्यांच्या हाताला तेल-ग्रीस लागलेलं होतं. पहिल्यांदा गिटार उचलणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडतील आणि आवडतील अशा या नऊ गोष्टी.

१. पहिला कारखानदार होता डायमेकर
अडॉल्फ रिकनबॅकर हा लॉस एंजेलिसमधला टूल अँड डाय मेकर. जॉर्ज बीचम या वादकाची कल्पना आणि रिकनबॅकरचा कारखाना एकत्र आले आणि १९३२ मध्ये ॲल्युमिनियमची ओतीव इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. गोल बॉडी आणि लांब दांडा, म्हणून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. तिचं पेटंट मिळायला मात्र १९३७ साल उजाडलं.

२. फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती
जगात सर्वाधिक नक्कल झालेल्या गिटारींपैकी एक म्हणजे १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर. ती बनवणारा लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा. गिटार त्याला वाजवता येत नव्हती. त्याने विचार केला तो मेंटेनन्सचा. दांडा बॉडीला चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी आवळला. खराब झाला की काढा, दुसरा बसवा. नवशिक्याला स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींची जोडणी आजही अशीच असते.

३. आवाजाचं गुपित वाइंडिंगमध्ये
तारांखालच्या पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याभोवती एनॅमल केलेल्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ही तार साधारण केसाएवढी बारीक. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. म्हणूनच इलेक्ट्रिक गिटारला नायलॉनच्या तारा लावून चालत नाहीत. मोटर रिवाइंड करणाऱ्याला यातलं एक अक्षरही समजावून सांगावं लागणार नाही.

४. तो गूंऽऽ आवाज गिटारचा नव्हे, विजेचा
ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर सुरू केला की येणारी गुणगुण म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचा प्रताप. एका कॉइलचा पिकअप ती अँटेनासारखी पकडतो. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास दोन कॉइल उलटसुलट जोडून हा आवाज आपसात कापून टाकला. त्या पिकअपचं नाव हमबकर. तुमच्या गिटारला तो नसेल, तर ॲडॉप्टर आणि ट्रान्स्फॉर्मरपासून लांब बसा, गिटारची दिशा थोडी बदलून पाहा. फरक लगेच कळेल.

५. व्हॉल्व्ह स्प्रिंगवर झुलणारी गिटार
चिंचोळीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे. कॅमशाफ्ट इंजिनाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. ‘क्वीन’ बँडच्या ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली, तेव्हा सूर हलवणाऱ्या ट्रेमोलोसाठी त्यांनी जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगाच वापरल्या. दांड्याचं लाकूड जुन्या फायरप्लेसचं. हीच ‘रेड स्पेशल’ पुढे जगभर गाजली. त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला आपल्या पाचगणीत; तिथल्या शाळेतल्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा.

६. मशीनने बोटं नेली, सूर नाही
बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये दोन बोटांची टोकं गेली, तीही तारा दाबणाऱ्या हाताची. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजल्यामुळे जँगोची दोन बोटं जवळपास निकामी झाली होती, तरी तो अप्रतिम वाजवत होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, बँजोच्या हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताणही कमी केला. त्यातून त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ बँडचा जड, खोल आवाज घडला. तुम्ही नवशिके असाल तर हलक्या तारा जरूर लावा. ०.००९ इंचाच्या पहिल्या तारेपासून सुरू होणारा संच मागा.

७. एका पॅटर्नमध्ये पाच राग
लीड शिकणाऱ्याला सर्वांत आधी पाच सुरांची पेंटॅटोनिक स्केल देतात. तिचे सूर आपल्या कानावर आहेतच! मेजर पेंटॅटोनिक म्हणजे भूपाचे सूर: सा रे ग प ध. आता त्याच पाच सुरांत ‘सा’ची जागा बदला. धैवताला सा माना, धानीचे सूर मिळतात. हीच ती रॉकमधली मायनर पेंटॅटोनिक. गांधाराला सा केलं की मालकंस, पंचमाला केलं की दुर्गा, रिषभाला केलं की मधमाद सारंग. तार आडवी ओढून सूर चढवण्याला गिटारवाले बेंड म्हणतात. सतारीवर मींड अशीच घेतात. भजन आणि नाट्यगीत ऐकत वाढलेला कान ही फार मोठी तयारी आहे.

८. टेप लावा, गणित पाहा
फेंडरच्या गिटारीत तारेची लांबी साधारण ६४८ मिलिमीटर. दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट; त्यातला बारावा बरोबर निम्म्यावर, ३२४ वर. तिथे सूर एक सप्तक वर जातो. बारावा फ्रेट दाबून वाजवलेला सूर आणि मोकळ्या तारेचा सूर ट्यूनरवर जुळत नसेल, तर बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या ब्रिजचा स्क्रू फिरवून तार लांब-आखूड करता येते. व्हर्नियर हाताळणाऱ्यांना हे सेटिंग आवडेलच.

९. केसरबाईंबरोबर अंतराळात
१९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यावर गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि चक बेरीचं, इलेक्ट्रिक गिटारने सुरू होणारं ‘जॉनी बी. गुड’सुद्धा. पृथ्वीची ओळख म्हणून पाठवलेल्या संगीतात हे दोन्ही आवाज आहेत.

आता सुरुवात कशी करायची? सेकंड शिफ्ट करून घरी आलात तरी ॲम्पला हेडफोन लावून वाजवता येतं. शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. वाजवण्याआधी तारा सुरात लावा. ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवा. एका फ्रेटला एक बोट, तार छेडायच्या पिकचा फटका एकदा खाली, एकदा वर. बोटांची टोकं दुखतील, काही आठवड्यांत कातडी घट्ट होईल. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं जास्त कामाची. आणि वेग वाढवायची घाई नको: सूर स्वच्छ आला की मगच मेट्रोनोम ६५ वर न्या.