स्वादुपिंडाचे ऑपरेशन : दुखणे जाते, पथ्य उरते

बेंबीच्या वर असह्य कळ येते, ती पाठीत जाते आणि पुढे वाकून बसले की जरा बरे वाटते. बरीच वर्षे दारू पिणाऱ्याला हा त्रास वारंवार होत असेल, तर जुनाट स्वादुपिंडदाहाची शंका घ्यावी. गावाकडचे असे अनेक रुग्ण शेवटी मुंबई गाठतात. लालबागला नातेवाइकांकडे मुक्काम आणि परळच्या के.ई.एम. रुग्णालयात तपासण्या, हा अनेक घरांचा परिचयाचा क्रम आहे. १९२६ पासून चालणाऱ्या महापालिकेच्या या रुग्णालयाचा गरिबांना मोठा आधार आहे. ऑपरेशन झाले की घरची मंडळी विचारतात, "आता सुटला ना एकदाचा?"

याचे उत्तर समजून घेऊ. स्वादुपिंड जठराच्या मागे असते. ते अन्न पचवणारा रस आतड्यात सोडते आणि रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिन बनवते. दारूने ही ग्रंथी पुन्हा पुन्हा सुजून कडक होते. तिची नळी अरुंद होते, तीत खडे धरतात आणि रस तुंबतो. ऑपरेशनमध्ये नळी लांबवर उघडून खडे काढतात व तिला लहान आतडे जोडतात. ही पद्धत १९६० मध्ये पार्टिंग्टन आणि रोशेल यांनी मांडली. ग्रंथीचे डोके सुजलेले असेल तर तेही कोरून काढतात.

दुखण्यावर याचा गुण चांगला येतो. नेदरलँड्समध्ये ३९ रुग्णांची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी ७५ टक्के रुग्णांना आराम होता, तर दुर्बिणीने उपचार झालेल्यांपैकी ३२ टक्क्यांना. पाच वर्षांनंतरही ऑपरेशनच सरस ठरले.

मात्र कडक झालेली ग्रंथी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणून काही वर्षांनीही मधुमेह होऊ शकतो. शौचास तेलकट, दुर्गंधीयुक्त होऊ लागले आणि वजन घटले, तर पाचकरसाच्या कॅप्सूल जेवणासोबत घ्याव्या लागतात. दर काही महिन्यांनी साखर तपासावी. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी दारू घेतली तर साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते.

खरा धोका पुढेच आहे. कळ थांबली की धाकही जातो आणि "थोडी घेतली तर काय होते?" असे वाटू लागते. दारू पुन्हा सुरू झाली तर ग्रंथीची उरलेली ताकदही जाते आणि यकृतही बिघडते. बिडी-तंबाखूनेही हा आजार बळावतो. त्यामुळे बिअर, ताडी, तंबाखू सारेच बंद हवे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, कारण एकदम सोडल्यास झटके येऊ शकतात. पुण्याच्या मुक्तांगणसारखी केंद्रे १९८६ पासून हे काम करीत आहेत.

थोडक्यात, सर्जन तुंबलेली वाट मोकळी करतो. ती मोकळी ठेवणे रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हाती असते.