कोर्टाची तारीख मोबाईलवर कशी बघायची?

मी तालुक्याच्या कोर्टात लिपिक आहे. मागे एक आजोबा पहिल्या एसटीने आले आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले. पुकारा काही होईना. चिठ्ठीवरचे ११ त्यांनी १९ वाचले होते! अशा गैरहजेरीत दावा निकाली निघू शकतो. यांना पुढची तारीख मिळाली होती, नशीब.

मोबाईल खिशात होता, फक्त सीएनआर नंबर माहीत नव्हता. प्रत्येक केसला हा १६ अक्षर-अंकांचा नंबर असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, मग दोन अंक कोर्टाचे, सहा अनुक्रमाचे आणि चार वर्षाचे. म्हणजे पहिल्या चार अक्षरांनंतर इंग्रजी ‘ओ’ वाटतो तो शून्यच. बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते.

‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ अ‍ॅपमध्ये हा नंबर डॅश न देता टाका आणि केस सेव्ह करून ठेवा. पुढची तारीख दिसेल, आधीच्या तारखाही.

पण ती तारीख संगणकात भरणारा माझ्यासारखाच कुणीतरी असतो. बोर्ड मोठा असला की संध्याकाळ होते. कोर्टातून निघाल्या निघाल्या जुनीच तारीख दिसली तर घाबरू नका, रात्री परत बघा. दुसऱ्या दिवशीही तीच असेल तर सरळ येऊन आम्हाला विचारा.