तीन मिनिटांच्या फिल्मचे गणित
- खास प्रतिनिधी

अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी बहुधा विद्यार्थ्याला स्वतःची लघुफिल्म करावी लागते. अनेकांच्या डोक्यात त्या वेळी एखादी पौराणिक लढाई नाहीतर अवकाशातील नगरी असते. हाती मात्र असतात काही महिने, एक संगणक आणि फार तर एखाददुसरा मित्र. अशी फिल्म अर्धवट राहते ती चित्रकलेतील उणिवेपेक्षा आरंभीचा हिशेब न मांडल्यामुळे.

हिशेब सोपा आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये एक चित्र साधारणतः दोन चौकटींना पुरवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. तीन मिनिटांसाठी ती २१६० होतात. रोज २० चित्रे पक्की केली, तरी एकही सुटी न घेता १०८ दिवस लागतात. हे झाले एका पात्राचे! दुसरे पात्र, रंगकाम, पार्श्वभूमी आणि ध्वनी वेगळेच. 'थ्री-डी'वाल्यांचीही सुटका नाही. एका चौकटीच्या रेंडरिंगला दहा मिनिटे धरली, तर ४३२० चौकटींसाठी एक संगणक ३० दिवस अहोरात्र चालवावा लागेल. त्यातून प्रकाशयोजना चुकली, तर ते दृश्य पुन्हा पहिल्यापासून.

म्हणूनच कथा या हिशेबात बसणारी हवी. जॉन लॅसेटर यांच्या १९८६ सालच्या 'लक्सो ज्युनियर'मध्ये टेबलावरचे दोन दिवे आणि चेंडू, एवढेच आहे. चेहरे नाहीत, संवाद नाहीत, कॅमेरा जागचा हलत नाही. तरीही सुमारे दोन मिनिटांच्या या फिल्मला ऑस्करचे नामांकन मिळाले. याउलट गीतांजली राव यांची 'प्रिंटेड रेनबो' (२००६) सुमारे १५ मिनिटांची आहे, पण 'जे.जे.'मध्ये शिकलेल्या राव यांच्या गाठीशी तेव्हा स्टुडिओतील कामाचा अनुभव होता. विद्यार्थ्याने ती जरूर पाहावी, लांबीची बरोबरी मात्र करू नये.

कथा ठरल्यावर स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक दृश्याची कच्ची चित्रे. तीच चित्रे ठरलेल्या वेळेनुसार, कामचलाऊ ध्वनीसह एकामागून एक लावली की अ‍ॅनिमॅटिक तयार होते. सारे नियोजन इथेच पणाला लागते. कथा ठाऊक नसलेल्या कुणाला तरी ते दाखवावे आणि स्वतः गप्प बसावे. समजावून सांगावे लागले, तर दोष पाहणाऱ्याचा नव्हे. इथे दहा सेकंदांचे एक दृश्य गाळले, तर १२० चित्रे, म्हणजे सहा दिवस वाचतात. तेच दृश्य रंगवून झाल्यावर गाळायचे तर सहा दिवस फुकट गेलेले असतात. आणि गाळावे लागणारे दृश्य बहुतेकदा विद्यार्थ्याचे सर्वांत लाडके असते, ही यातली खरी अडचण.

संवाद असतील, तर ते चित्रे काढण्यापूर्वीच ध्वनिमुद्रित करावेत; ओठांच्या हालचाली त्यांवरच बेतायच्या असतात. चित्रे पहिल्या दृश्यापासून ओळीने काढण्याचा मोहही टाळलेला बरा. हात पुढे पुढे सफाईदार होत जातो आणि सर्वांत कच्ची चित्रे नेमकी आरंभी, प्रेक्षकाच्या पहिल्या नजरेत येतात. मधल्या दृश्यांपासून सुरुवात केल्यास ती झाकली जातात.

अखेरचे दोन आठवडे ध्वनिमिश्रण आणि दुरुस्त्यांसाठी मोकळे ठेवावेत. फिल्मच्या सर्व फायलींची एक प्रत रोज दुसऱ्या हार्ड डिस्कवर काढावी, आणि ती डिस्क संगणकाशेजारी न ठेवता दुसऱ्या घरी ठेवावी.