निरागसता नेमकी कोणाची हरपते?

खानदेशातील पहूरच्या आसपासची काळी कपाशीची जमीन ज्यांनी पाहिली आहे, आणि हंगामात जिनिंगच्या आवारात सरकीपासून रुई वेगळी होताना जे उभे राहिले आहेत, त्यांना हार्पर ली या अमेरिकन लेखिकेच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीतील एक तपशील इतर वाचकांपेक्षा लवकर उमगेल. गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याच्या खोट्या आरोपाखाली पिंजऱ्यात उभा असलेला टॉम रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय मजूर लहानपणी कापसाच्या जिनात हात सापडून डाव्या हाताने कायमचा अधू झालेला आहे; उलट त्या मुलीच्या चेहऱ्याची उजवी बाजू मारहाणीने काळीनिळी झाली होती, आणि अशी मारहाण प्रायः डावखुऱ्याच्या हातून घडते. आरोपीचा वकील अॅटिकस फिंच हे भर न्यायालयात सर्वांच्या नजरेस आणून देतो. इतकेच नव्हे, तर मुलीचा बाप डावखुरा असल्याचेही तो त्याच्याकडून सही करवून घेऊन दाखवितो. तरीही गोऱ्या ज्यूरीचा निकाल ‘दोषी’ असाच येतो, आणि पुढे तुरुंगातून पळण्याच्या प्रयत्नात टॉम पहारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडतो.

१९६० साली प्रसिद्ध झालेल्या व १९६१ चे पुलित्झर पारितोषिक मिळविलेल्या या कादंबरीचे कथानक अलाबामा राज्यातील मेकॉम्ब या कल्पित गावी, १९३० नंतरच्या मंदीच्या काळात घडते. ते सांगते अॅटिकसची मुलगी स्काउट. अमेरिकेतील शाळांतून पिढ्यान्पिढ्या हे पुस्तक अभ्यासले गेले ते मुख्यतः दोन सूत्रांसाठी : सज्जन समाजाचा दांभिकपणा आणि मुलांची हरपलेली निरागसता. ही दोन सूत्रे निराळी नाहीत, असे माझे मत आहे. मुलाची निरागसता जगात दुष्टपणा आहे हे कळल्याने भंगत नाही, कारण राक्षसांच्या गोष्टी ऐकतच ते वाढलेले असते. ज्या तोंडाने आपल्याला न्याय शिकविला त्याच तोंडातून अन्यायाचे समर्थन बाहेर पडताना ऐकू आले, म्हणजे मग ती भंगते.

स्काउटच्या शाळेतील मिस गेट्स या शिक्षिकेचा प्रसंग या दृष्टीने वारंवार वाचण्याजोगा आहे. हिटलर यहुद्यांचा छळ करतो हे वर्गात सांगताना बाईंचे मन खरोखरीच हेलावते, आणि आपल्या लोकशाहीत कोणाचा छळ होत नाही असे त्या मोठ्या श्रद्धेने सांगतात. त्याच बाई टॉमच्या खटल्यानंतर न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना, या काळ्या लोकांना कोणीतरी अद्दल घडवायलाच हवी होती, अशा अर्थाचे बोलून गेलेल्या असतात, आणि ते शब्द स्काउटच्या कानी पडलेले असतात. लेखिकेने मिस गेट्सना खोटारड्या केलेले नाही, यातच तिचे मोठेपण आहे. दूरदेशीच्या पीडितांसाठी त्यांना वाटणारी करुणा खरी आहे, फक्त ती गावच्या वेशीशी येऊन थांबते. आफ्रिकेतील कुठल्याशा जमातीच्या दैन्यासाठी चहाच्या मेजावर अश्रू ढाळणाऱ्या आणि त्याच मेजावर आपल्या काळ्या मोलकरणींच्या नाराजीबद्दल तक्रार करणाऱ्या कादंबरीतल्याच मिशनमंडळातील स्त्रियांची जातकुळीही हीच.

याच ठिकाणी महाराष्ट्रातील वाचकाने पुस्तक क्षणभर मिटून खानदेशाकडे पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कारण अलाबामातील टॉमसाठी हळहळणारे आपण आणि हिटलरवर संतापणाऱ्या मिस गेट्स यांच्यात फारसे अंतर राहू नये, अशीच आपली वाचनाची रीत पडली आहे.

सन १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशातील एका गावच्या सामाजिक बहिष्काराची तपासणी करून परतताना चाळीसगाव स्थानकावर उतरले. तेथील महार मंडळींनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला होता. वस्ती नदीपलीकडे होती आणि स्थानकावर टांगे होते. पण एकही टांगेवाला अस्पृश्य बॅरिस्टराला नेण्यास तयार होईना. पाहुण्याला पायी न्यावे हे यजमानांच्या मनाला पटेना, तेव्हा एका टांगेवाल्याकडून नुसता टांगा मिळवून, हाकण्याचा सराव नसलेला आपल्यातलाच एक माणूस त्यांनी पुढे बसविला. नदीवरच्या मोरीवर टांग्याचे चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला आणि घोडा टांग्यासह नदीत पडला. उशीर का झाला व अनोळखी हातांत लगाम का होता, हे त्यांना नंतर कळले. पाहुण्याच्या कानी तो अपमान जाऊ नये म्हणून यजमानांनी तो दडवून ठेवला होता. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या आणि सरकारी नेमणुकीचा कागद खिशात असलेल्या माणसापेक्षा टांगा हाकणारा स्वतःला श्रेष्ठ समजत होता, एवढे या हकिकतीवरून स्पष्ट व्हावे. सार्वजनिक विहिरी, पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. दफ्तरात औदार्य जमा होते, रस्त्यावर त्याची अंमलबजावणी नव्हती.

ही हकिकत बाबासाहेबांनी ज्या आत्मपर टिपणांत लिहून ठेवली त्यांतच त्यांच्या बालपणीचा कोरेगावचा प्रवास आहे, आणि स्काउटच्या कथेशेजारी ठेवून वाचावे असे याहून अधिक योग्य मराठी मुलखातले दुसरे प्रकरण मला ठाऊक नाही. १९०१ च्या सुमारास नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघालेले भीमराव व त्याच्याबरोबरची मुले मसूर स्थानकावर उतरतात. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो, आणि ‘तुम्ही कोण’ या प्रश्नाला तो लहानगा भीमराव जराही न अडखळता, आपण महार आहोत, असे उत्तर देतो. मास्तरांचा चेहरा पालटतो. त्याच रात्री, दुप्पट भाडे घेऊनही गाडी मुलांनाच हाकायला लावणाऱ्या गाडीवानाच्या सल्ल्यावरून तोच मुलगा जकातनाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागतो, आणि तेही त्याला मिळत नाही. सायंकाळी निःसंकोच खरे बोललेल्या मुलाला रात्र होईपर्यंत खोटे बोलायला शिकावे लागले. गोऱ्या स्काउटला दंभ दुसऱ्यांत दिसतो. या मुलाला तो पाण्याच्या घोटासाठी स्वतः पांघरावा लागतो.

टॉम रॉबिन्सनलाही मुले आहेत. त्याच्या मृत्यूची बातमी घेऊन अॅटिकस त्याच्या झोपडीशी जातो तेव्हा एक चिमुरडी दारात उभी असते. तो तिला बोट देतो, ती ते धरून पायऱ्या उतरते आणि कथेतून जवळजवळ नाहीशी होते. त्या दिवशी तिने काय पाहिले, काय समजून घेतले, हे कादंबरी सांगत नाही. स्काउटच्या भावाचे, जेमचे, निकालानंतरचे अश्रू आपल्याला पानोपानी भेटतात. टॉमच्या मुलीचे एकही नाही. कृष्णवर्णीय वाचकांनी या पुस्तकावर घेतलेला आक्षेप बराचसा हाच आहे, आणि तो मला मान्य आहे. अन्याय पाहून निरागसता गमावण्यालाही आधी ती बाळगण्याची सवलत मिळावी लागते.

अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकविलेल्या साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही याच कसोटीवर वाचता येईल. म्हाताऱ्या महार स्त्रीची लाकडांची मोळी उचलून दे, असे आई श्यामला सांगते आणि घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. त्या एका वाक्यात एका सुशील स्त्रीच्या करुणेची उंची आहे आणि तिच्या काळाची मर्यादाही. पण गुरुजी त्या मर्यादेपाशी थांबले नाहीत; मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. म्हातारीच्या बाजूची कथा मात्र तेथेही लिहायची राहिलीच.

आणि २०१८ चा जून महिना तर अगदी अलीकडचा. पहूर पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या एका खेड्यात, विहिरीत पोहल्याच्या कारणावरून मातंग समाजातील अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारहाण झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. त्याचे चित्रीकरण देशभर मोबाईलवरून फिरले आणि अॅट्रॉसिटीच्या कायद्याबरोबर बालकांच्या संरक्षणाचा कायदाही लावावा लागला. ती चित्रफीत पाहून ज्यांनी संताप व्यक्त केला त्यांचा संताप खरा होता, याविषयी मला संशय नाही. त्यांच्यातील कितीजणांनी आपल्या गावच्या विहिरींचा, स्मशानांचा, भाड्याने द्यायच्या घरांचा विचार त्याच संध्याकाळी केला असेल, हे विचारणे मला अधिक अगत्याचे वाटते.

म्हणून ही कादंबरी इकडच्या एखाद्या वर्गात शिकविली जाईल तेव्हा शिक्षकाने चाळीसगावची ती मोरी आणि मसूरचे ते स्थानक तिच्याबरोबर ठेवावे. मग टॉमच्या मुलीच्या तोंडून तो दिवस लिहून काढायला मुलांना सांगावे. आणि ज्या विद्यार्थ्याला तो दिवस लिहिण्यासाठी कल्पना करावी लागणार नाही, त्याचे लिखाण वर्गात मोठ्याने वाचायचे की नाही, हे त्यालाच ठरवू द्यावे.