संस्थेचा इतिहास आणि एकट्याचे उड्डाण

औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती दोन प्रकारचे लेखन वारंवार येते. एक म्हणजे कारखान्याचा इतिहास आणि दुसरे म्हणजे साहसी व्यक्तीचे चरित्र. पहिल्यात भांडवल, यंत्रे, इमारती व उत्पादन यांच्या नोंदी विपुल असतात. माणसे मात्र क्वचितच दिसतात. दुसऱ्यात एकच माणूस असतो, आणि तो इतका ठळक असतो की त्याला हातभार लावणारी इतर माणसे व साधने दृष्टीआड होतात. प्रस्तुत लेखात ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन ही विद्युत्सामग्री निर्माण करणारी कंपनी आणि १९३० साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेणारी एमी जॉन्सन ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून, असे दोन इतिहास परस्परांच्या साहाय्याने कसे वाचावेत याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम कंपनीकडे वळू. तिचे मूळ १८८६ साली स्थापन झालेल्या लेंग, व्हार्टन अँड डाऊन या पेढीत आहे. अमेरिकेतील थॉमसन-ह्यूस्टन कंपनीची विद्युत्सामग्री इंग्लंडमध्ये विकणे हा या पेढीचा व्यवसाय होता. पुढील दशकात तिच्यातूनच ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनी उभी राहिली, आणि १९०२ पासून रग्बी येथील कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. टर्बाइन, जनित्रे, मोटारी व विजेचे दिवे ही तिची मुख्य निर्मिती. १९२८ मध्ये मेट्रोपोलिटन-व्हिकर्स या प्रतिस्पर्धी कंपनीबरोबर ती एकाच उद्योगसमूहात आली. असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज हे त्या समूहाचे नाव. १९६० मध्ये कंपनीचे जुने नाव वापरातून गेले आणि १९६७ मध्ये तो समूहच ब्रिटनमधील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ताब्यात घेतला.

या हकीकतीत व्यक्तींची नावे अगदीच नाहीत असे नव्हे. फ्रँक व्हिटल याचे जेट एंजिन १२ एप्रिल १९३७ रोजी प्रथम चालले ते रग्बीच्या याच कारखान्यात. डेनिस गाबोर याने होलोग्राफीची कल्पना १९४७ मध्ये मांडली तेव्हा तो याच कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. त्याबद्दल त्याला १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ही नावे आपल्यापर्यंत पोहोचली ती कंपनीबाहेरच्या कीर्तीमुळे. कारखान्यात वेटोळी गुंडाळणाऱ्या, सुटे भाग तपासणाऱ्या हजारो हातांची नोंद मजुरीच्या हिशेबापलीकडे सहसा जात नाही. कंपनीच्या इतिहासाचे हे पहिले वैगुण्य होय.

आता ज्या वस्तूमुळे कारखाना व वैमानिक यांचा संबंध जुळतो ती वस्तू पाहू. पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण नेमक्या क्षणी पेटवावे लागते. हे काम त्या काळच्या विमानात मॅग्नेटो नावाचे लहानसे यंत्र करीत असे. त्यात चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे एंजिनच्या गतीने फिरते व त्यात वीज उत्पन्न होते. जाड तारेच्या मोजक्या फेऱ्यांचे हे वेटोळे होय. त्यावर बारीक तारेच्या हजारो फेऱ्यांचे दुसरे वेटोळे गुंडाळलेले असते. पहिल्यातील प्रवाह अत्युच्च असताना तो एकाएकी तोडला की दुसऱ्यात काही हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि सिलिंडरमधील प्लगच्या टोकांत ठिणगी पडते. यास विद्युत्घटाची गरज लागत नाही. एंजिन फिरत आहे तोवर मॅग्नेटो ठिणगी देत राहतो. उलट मॅग्नेटो थांबला तर एंजिनही थांबते. म्हणूनच विमानाच्या एंजिनवर दोन मॅग्नेटो बसवीत, आणि उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक बंद करून दुसरा नीट चालतो की नाही हे पाहून घेत असे.

पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटन हे यंत्र जवळजवळ सर्वस्वी जर्मनीतून, मुख्यतः स्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यातून आणीत असे. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच हा पुरवठा तुटला. विमाने व मोटारी बांधता येत होत्या, परंतु त्यांना ठिणगी देणारे यंत्र देशात पुरेसे तयार होत नव्हते. या अडचणीतून ब्रिटनमध्ये मॅग्नेटोचा उद्योग घाईने उभा करण्यात आला, आणि त्यात ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीच्या कॉव्हेंट्री येथील कारखान्याचा मोठा वाटा होता. युद्धानंतर हलक्या खाजगी विमानांचा जो प्रसार झाला, त्याच्या पूर्वतयारीत या उद्योगाचीही गणना केली पाहिजे.

एमी जॉन्सन ही या प्रसाराच्या काळातील वैमानिक. तिचा जन्म १९०३ साली हल येथे, मासळीचा व्यापार करणाऱ्या कुटुंबात झाला. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ती लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करू लागली. १९२९ मध्ये तिने वैमानिकाचा परवाना मिळविला. त्याच वर्षी विमानाची देखभाल व दुरुस्ती करण्याचा परवानाही तिने घेतला. तो मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री होय. हा दुसरा परवाना तिच्या चरित्रात पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. एंजिन उघडणे, प्लग साफ करणे, मॅग्नेटोची तपासणी करणे ही कामे तिने विमानतळावरील कार्यशाळेत, जॅक हम्फ्रीज या अनुभवी यंत्रज्ञाच्या हाताखाली शिकून घेतली होती.

५ मे १९३० रोजी ती क्रॉयडनहून निघाली आणि २४ मे रोजी ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे उतरली. अंतर सुमारे ११,००० मैल. बर्ट हिंकलर याने १९२८ मध्ये हेच अंतर साडेपंधरा दिवसांत तोडले होते. तो विक्रम तिला मोडता आला नाही. परंतु हा प्रवास एकटीने पुरा करणारी ती पहिली स्त्री ठरली.

या उड्डाणातील ‘एकटी’ या शब्दाची आता छाननी करू. विमान जुने, विकत घेतलेले होते. त्याच्या सुमारे ६०० पौंडांच्या किमतीपैकी अर्धी रक्कम तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी दिली व उरलेला भार वडिलांनी उचलला. ‘जेसन’ हे विमानाचे नावही वडिलांच्या मासळीच्या व्यापारचिन्हावरून घेतलेले होते. रंगूनजवळ पावसात वाट न सापडल्याने ती इन्सीन येथील तंत्रशिक्षण संस्थेच्या मैदानावर उतरली. विमान खड्ड्यात जाऊन पंखा मोडला व पंख फाटला. राखीव पंखा तिने बरोबर घेतला होता, पण पंखाच्या कापडाचे काय करावयाचे? महायुद्धातील विमानांचे उरलेले कापड घेऊन स्थानिक लोकांनी त्याचे सदरे शिवले होते. तेच सदरे उसवून पंखाला ठिगळे लावण्यात आली, असे तिच्या चरित्रांत नमूद आहे. त्या संस्थेतील शिक्षक, विद्यार्थी व कारागीर यांच्या श्रमाशिवाय हे विमान इन्सीनहून पुढे गेले नसते.

मार्गाचीही गोष्ट अशीच आहे. बगदाद, कराची, झाशी, अलाहाबाद, कलकत्ता, रंगून, सिंगापूर या मुक्कामांपैकी बहुतेक ठिकाणी ब्रिटिश सत्तेची लष्करी वा प्रशासकीय व्यवस्था होती. इंधन अपुरे पडल्याने झाशीस ती उतरली ती छावणीच्या कवायतीच्या मैदानावर. येथे तारखा ध्यानात घेण्याजोग्या आहेत. ५ मेच्या मध्यरात्रीनंतर कराडी येथे महात्मा गांधींना अटक होऊन त्यांना येरवड्यास नेण्यात आले. त्याच दिवशी सकाळी एमी क्रॉयडनहून निघाली. १२ मे रोजी ती कलकत्त्यास पोहोचली. त्याच दिवशी सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. तथापि तिच्या विमानासाठी जी मैदाने व ठाणी खुली होती, ती ज्या सत्तेची होती तिच्याविरुद्ध त्याच आठवड्यात देश उभा ठाकला होता, ही गोष्ट उड्डाणाच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

त्याच महिन्यातील आणखी एक प्रसंग या संदर्भात बोलका आहे. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने तोडणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी पारितोषिक ठेवले होते. त्यासाठी अस्पी इंजिनियर इंग्लंडहून व जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले होते. इजिप्तमधील अबुकीर येथे अस्पी प्लगअभावी अडकून पडले असता जे. आर. डी. यांनी आपल्याजवळचा प्लग त्यांना दिला. पारितोषिक अस्पींना मिळाले. पुढे १९६० मध्ये ते भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. स्पर्धेतील एकट्याचे यश येथे प्रतिस्पर्ध्याने दिलेल्या एका लहानशा सुट्या भागावर अवलंबून होते.

यावरून एमीचे वा अस्पींचे कर्तृत्व उणे ठरते काय? तसे मुळीच नाही. दिशा ठरविणे, वादळात विमान सावरणे, मोडलेल्या विमानासह पुढे जाण्याचा निश्चय करणे ही कामे दुसऱ्या कोणीही त्यांच्यासाठी केली नाहीत. किंबहुना साहाय्याचा हिशेब नीट मांडला म्हणजेच व्यक्तीचा वाटा कोठे सुरू होतो हे निश्चित करता येते. तो न मांडल्यास चरित्राची आख्यायिका होते. एमीने स्वतः हा संबंध ओळखला होता असे दिसते. १९३० नंतरच्या दशकात ती ब्रिटनमधील स्त्री-अभियंत्यांच्या संघटनेची अध्यक्षा झाली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेमागे, युद्धकाळात कारखान्यांत शिरलेल्या व युद्ध संपताच बाहेर काढल्या गेलेल्या स्त्रियांचा अनुभव होता. ५ जानेवारी १९४१ रोजी युद्धसेवेतील विमान नेत असता थेम्सच्या मुखाशी तिचा अंत झाला.

अभ्यासकांनी यातून एक पद्धती स्वीकारावी असे सुचवावेसे वाटते. कारखान्याचा इतिहास वाचताना प्रत्येक वस्तूपाशी थांबून ती कोणाच्या हातांनी घडली आणि कोठे, कोणाच्या उपयोगास आली हे विचारावे. साहसी व्यक्तीचे चरित्र वाचताना तिचे साधन कोणी बनविले, कोणी दुरुस्त केले, आणि जेथे ती उतरली ती भूमी कोणाच्या ताब्यात होती हे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा चरित्रांत, पत्रांत व वृत्तपत्रांत सापडते; दुसऱ्याचे कारखान्याच्या हिशेबवह्यांत आणि सरकारी कागदपत्रांत. आपल्याकडील उद्योगांचा इतिहास अद्याप पुष्कळसा संस्थापकांच्या चरित्रांतूनच वाचला जातो. त्या चरित्रांशेजारी कारखान्यांची हजेरीपत्रके ठेवून वाचण्याचे काम अजून व्हावयाचे आहे, आणि हजेरीपत्रके टिकून आहेत तोवरच ते करता येईल.