गोदामातील फियाट

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुट्या भागांपासून घरीच चारचाकी घडवली. सुमारे ६० हजार रुपये खर्चाची ही गाडी चक्क किक मारून सुरू होई. २०२१च्या डिसेंबरात तिची कीर्ती देशभर पसरली आणि पुढच्याच महिन्यात उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या मोबदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली.

बीड, आष्टी, माजलगावच्या आपल्या व्यापारी घरांत अशी हस्तविद्या विरळाच. मात्र एखाद्या गोदामात आजोबांची फियाट धूळ खात उभी असते, आणि सुटीत नातू ती खोलायला घेतो. खोलणे चार दिवसांत उरकते. जोडणी वर्षानुवर्षे रखडते.

येथे आपली दुकानदारीच कामी येते. माल उतरला की नोंद, नोंद झाली की जागा. काढलेल्या प्रत्येक भागाचे आधी छायाचित्र घ्यावे, मग त्याचे बोल्ट चिठ्ठी लावलेल्या डब्यात ठेवावेत. व्हॉल्व्ह आणि मुख्य बेअरिंगच्या टोप्या यांवर तर क्रमांक हवाच. त्या मूळ जागीच परत बसवाव्या लागतात. जॅक केवळ उचलण्यापुरता. लोखंडी घोड्या लावल्याविना गाडीखाली कोणी शिरू नये. शेजारी कापसाच्या गाठी असतील तर पेट्रोलची टाकी गोदामाबाहेरच रिकामी करावी.

पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१पासून स्वतंत्र ‘व्हिंटेज’ नोंदणी आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. अट अशी की चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. गाडीचे जुने नोंदणीपुस्तक मात्र पाना हाती घेण्यापूर्वीच शोधावे. ते बहुधा आजोबांच्या तिजोरीत, जुन्या वह्यांखाली सापडते.